टिकटिक थांबली तेव्हा

१८ नोव्हेंबर. सासऱ्यांच्या जुन्या गाडीत पेट्रोल भरून आणायचं होतं. दुसऱ्या दिवशी ते मित्राला घेऊन बिदरला निघणार होते. हिमायतनगरच्या सिग्नलला मला वाटलं, इंजिन बंद पडलं. पडलं नव्हतं, गाडीची नेहमीची टिकटिक तेवढी थांबली होती.

घरी सासरे खूश झाले. “बघ, म्हातारपणी शहाणी झाली!”

“मामंजी, या वयात असं अचानक कोणी शहाणं होत नाही,” म्हणत मी अफझलगंजच्या मिस्त्रींना फोन लावला.

“आपा, चुप हुई सो गाडी से डरना,” ते म्हणाले; गप्प झालेल्या गाडीलाच भ्यायचं, आणि का ते त्यांनी समजावलं. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हची बैठक झिजू द्यायचं नाही. आताच्या पेट्रोलात ते नाही. बैठक झिजली की व्हॉल्व्ह आत रुततो आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली, फट बुजते. टिकटिक त्या फटीचीच असते. ती पुरती बुजली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, आणि लांबच्या रस्त्यावर जळतो.

“म्हणजे बिदर रद्द?” सासऱ्यांचा चेहरा पडला.

“फट मोजून सांगते. पण इंजिन गार झाल्यावर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी इंजिनाचं झाकण उघडलं. फट मोजायची पातळ पत्ती दोन ठिकाणी शिरेना. पान्याने फट पुन्हा बसवली आणि गाडी चालू केली. टिकटिक परत आली. सासऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा मी किल्ली त्यांच्या हातात दिली.