विलायती म्हणून लिहिलेलं झाड

खाम नदीच्या कडेनं जी पायवाट आहे, तिच्यावर एक सिल्व्हर ओक उभा आहे. मार्चमध्ये त्याला केशरी फुलोरे येतात, दात घासायच्या ब्रशासारखे, सगळे केस एकाच बाजूला. फुलांत इतका मध असतो की खालची फरशी चिकट होते. सकाळी सातला तिथं गेलं की शिंजीर, बुलबुल आणि साळुंक्या एकाच फांदीसाठी भांडताना दिसतात. खारी फुलांत तोंड खुपसतात आणि पिवळ्या मिशा घेऊन बाहेर येतात. शेंड्याजवळ घारीचं घरटं आहे.

झाड मूळचं ऑस्ट्रेलियातलं. हे आपल्याला माहीत आहे, याचा मला फार अभिमान होता. घोळ त्या अभिमानानंच केला.

मी करमाडजवळच्या एका खेड्यातला. आई-वडील दोघंही अंगठा लावायचे. घरातला पहिला पदवीधर मी, तोही वनस्पतिशास्त्राचा. आता शहरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या हिवाळ्यात महापालिकेला नदीकाठच्या झाडांची यादी करायला माणसं हवी होती, तेव्हा मी स्वतःहून नाव दिलं. ज्यांनी मला इथवर शिकवलं, त्यांच्या कष्टाचा चार लोकांना उपयोग व्हावा, एवढंच मनात होतं. यादीत जागा, मूळ, घेर आणि शेरा असे रकाने होते. या झाडापुढं ‘मूळ’ या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, विलायती. पानाखाली सही केली.

मार्चमधल्या एका मंगळवारी फिरायला गेलो, तर खोडावर लाल फुली होती. बुंध्याशी दोर आणि करवती घेऊन चार माणसं बसली होती.

“हे का तोडताय?” मी मुकादमाला विचारलं.

“विलायती हाय सर. विलायती समदी काढायचा हुकूम हाय.”

“अहो, हा ओक आहे.”

“ओक?” तो आपल्या माणसांकडं वळला. “ऐकलं का रे? सर ओक म्हणायलेत. कालची भजी कुणाला बाधली?”

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण त्यानं खिशातून यादीची झेरॉक्स काढली आणि तिच्यावरचं अक्षर माझं होतं.

आमच्या भागात नुसतं ‘विलायती’ म्हटलं की विलायती बाभूळ. नदी-नाल्यात माजलेली, टायर पंक्चर करणारी, कुणी येडी बाभळ म्हणतं तीच. हुकूम तीच काढायचा होता. माझी आई दुसऱ्या कशालाही विलायती म्हणत नसे. पुस्तकातला अर्थ लिहिताना मी घरातला अर्थ विसरलो होतो.

“ही सही माझी आहे,” मी म्हणालो. “चूक माझी आहे.”

“मग तुमच्याच सहीचा दुसरा कागद आणा. वर सायबाची सही पायजे. नायतर मी कुणाचं ऐकू?”

“बारापर्यंत थांबाल?”

“बारापर्यंत. तवर तिकडली खरी विलायती काढतो.”

शाळेत फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दहाला महापालिकेचं ऑफिस उघडलं तेव्हा मी दारात होतो. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“पण झाड परदेशीच आहे ना?”

“आहे, मॅडम.”

“याच्या फांद्या ठिसूळ असतात. खालून माणसं चालतात. कुणाच्या डोक्यात पडली तर?”

त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हणालो, “वाटेवरच्या दोन वाळलेल्या फांद्या आजच काढा. घारीची पिल्लं उडाली की वरचं वजन उतरवा. झाड ठेवा.”

“तसं लिहून द्या. आणि आधीची नोंद चुकली, हेही लिहा.”

पेन थांबलं. ज्या घरात सही ही गोष्टच माझ्यापासून सुरू झाली, तिथं सही केलेला मजकूर चुकीचा होता असं लिहिणं मला फार जड गेलं. पण घड्याळात पावणेअकरा झाले होते. लिहिलं. बाईंनी सही केली आणि विचारलं, “विलायती आणखी कुठं कुठं लिहिलंय तुम्ही?”

पाच ठिकाणी. त्यांतलं एक पुलाजवळचं विलायती शिरीष. आठवड्यापूर्वी त्याचा नुसता बुंधा पाहून मी घरी बायकोला म्हणालो होतो, “कोण अडाणी तोडतं गं ही झाडं?”

बाईंनी उरलेल्या झाडांबाबतही दुरुस्ती होईपर्यंत थांबायचं लिहून दिलं. मी बाराच्या आत परतलो. मुकादमानं कागद दोनदा वाचला आणि फुलीवर चुना फासायला सांगितला.

“ऱ्हायलं तुमचं झाड. तेवढं घारीला समजावा सर. सकाळधरनं आमच्या माणसाच्या डोक्यावर झडप घालायलीय.”

“तिला माझी सही चालायची नाही,” मी म्हणालो.

मग यादी घेऊन मी पुलापासून सुरुवात केली. पहिली नोंद पडलेल्या शिरीषाची होती. ती मी खोडली नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘माझ्या चुकीच्या नोंदीमुळे तोडले गेले.’ खाली सही केली आणि पुढच्या झाडाकडं गेलो.