अकरा पुस्तकं आणि एक अंगठा

चौपन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या मामाने शाळेच्या पुस्तकांपलीकडे काही वाचलं नव्हतं. मग तीन महिन्यांत त्याने धंद्याच्या व्यवस्थापनावरची दहा जाडजूड पुस्तकं संपवली आणि अकराव्यात शिरला. आमचा कारखाना बुडाला तो त्याच तीन महिन्यांत. मला त्या पुस्तकांचा अजून राग येतो. त्यांचा काही दोष नव्हता हे कळतं, तरी येतो.

आम्ही औषधाच्या बाटल्यांची झाकणं करायचो. मामा तपासनीस. साच्यातून पडलेली झाकणं ट्रेमध्ये भरून त्याच्या टेबलावर यायची आणि तो त्यांच्या कडांवरून उजवा अंगठा फिरवायचा. कडेवर केसाएवढा कंगोरा राहिला की झाकण घट्ट बसत नाही, बाटली गळते. डोळ्यांना न दिसणारा तो कंगोरा मामाच्या अंगठ्याला लागायचा. लागला की झाकण बादच्या डब्यात, बाकीचा ट्रे पुढे माझ्याकडे, पॅकिंगला. सव्वीस वर्षं तो हेच करत होता, गप्पा मारत, जांभया देत.

साचा झिजलाय, हे तो सहा वर्षं मालकांना सांगत होता. फुकट सांगत होता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी कंगोरे इतके वाढले की त्याच्या अंगठ्यातूनही चार-दोन झाकणं सुटायला लागली. मग औषध कंपनीचं पत्र आलं. तीन महिन्यांनी कंपनीची माणसं येऊन माल तपासतील, तेव्हाही झाकणं गळाली तर काम बंद. आमच्याकडे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बेचाळीस घरांच्या चुली त्या एकाच्या जिवावर पेटत होत्या, त्यात मामाची होती आणि माझीही.

मालकांनी सल्लागार बोलावला. तो कडक इस्त्रीच्या शर्टात तीन दिवस हिंडला, मामा सोडून सगळ्यांशी बोलला आणि जाताना एक यादी देऊन गेला: दर्जा सुधारण्यासाठी आवर्जून वाचावीत अशी अकरा पुस्तकं. मालकांनी ती मामाच्या हातात ठेवली.

"तुम्ही वाचा आणि काय करायचं ते आम्हाला सांगा. आता सगळं तुमच्यावर आहे."

मामाच का, तर त्याला चष्मा होता. दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मामाला तर एकदम अकरा काड्या मिळाल्या. त्याने वाचनालयातून पुस्तकं आणली, शेजारी शब्दकोश घेतला आणि जेवताना, दाढी करताना, बसची वाट बघताना वाचायला लागला. एका पुस्तकात होतं, की चूक झाली तर पाच वेळा 'का' विचारावं. त्याच दिवशी घरी दूध उतू गेलं.

"का गेलं?" मामाने विचारलं.

"तुम्ही गॅससमोर पुस्तक घेऊन उभे होतात म्हणून," मामी म्हणाली. "उरलेले चार 'का' तुमचे तुम्हीच विचारा."

आम्ही हसलो. मामा हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मला निम्मं कळत नाही गं. पण कुणाला सांगू? सगळे माझ्याकडे बघतायत." त्याचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला भीती वाटली.

दुसऱ्या पुस्तकात होतं, की मोजल्याशिवाय सुधारणा होत नाही. मामाने भिंतीवर तक्ता लावला आणि रोज बाद झालेल्या झाकणांचा आकडा त्यावर लिहायला लागला. पहिल्या आठवड्यात रोज तीनशेच्या आसपास. पुढे दोनशे, मग नव्वद. दहाव्या आठवड्यात अकरा. मालक येता-जाता तक्त्यापुढे थांबायचे आणि मामाच्या पाठीवर थाप मारायचे. मामाला वाटलं, पुस्तकं लागू पडली. तो आणखी नेटाने वाचायला लागला, आता टेबलावरसुद्धा.

ट्रे त्याच्या कोपराशी साठायचे. "मामा, नेऊ का?" मी विचारायचे. तो पानावरून नजर न काढता मान हलवायचा आणि मी न्यायचे. मला वाटायचं, बघून झालं असेल. त्याला वाटायचं, आकडे उतरलेत म्हणजे माल सुधारलाय. साचा मात्र तोच होता.

ठरल्या दिवशी कंपनीची दोन माणसं आली. त्यांनी आमच्या खोक्यांतली मूठभर झाकणं काढली, निळ्या पाण्याने भरलेल्या बाटल्यांना लावली आणि बाटल्या टिपकागदावर उलट्या ठेवल्या. थोड्याच वेळात कागदावर निळे डाग पसरायला लागले, एक, तीन, सात.

मामा पुढे झाला. त्याने खोक्यातली झाकणं उचलली आणि कितीतरी दिवसांनी कडांवरून अंगठा फिरवला. "हे गळेल," तो म्हणाला. "हे नाही. हे गळेल. हेही." त्यांनी एकेक लावून बघितलं. वीसच्या वीस बरोबर निघाली.

त्यातला वयस्क माणूस बराच वेळ त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्याने अगदी सौम्यपणे विचारलं, "अहो, तुम्हाला हे कळतं, तर मग आमच्याकडे का पाठवलीत?"

मामाने तक्त्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या अकराव्या पुस्तकाकडे.

"वाचत होतो," तो म्हणाला.

महिनाअखेर कारखान्याला कुलूप लागलं. मला दुसरीकडे काम मिळालं, मामाला अजून नाही. ते ट्रे मी नेले होते, हे मी त्याला रोज सांगायचं ठरवते आणि सांगत नाही.

तो आता घरीच असतो. चहा पिण्याआधी कपाच्या कडेवरून अंगठा फिरवतो. परवा मी गेले होते तेव्हा त्याने एक चांगला कप बाजूला सारला. मामीने तो मुकाट्याने उचलून कचऱ्यात टाकला आणि दुसऱ्या कपात चहा ओतला. का, म्हणून तिने एकदाही विचारलं नाही.