ॲटोमायझरच्या टोपीवरचं नाव

यु सार्मी व्हेपचं नवं ॲटोमायझर पहिल्यांदा ओठांना लावायची, तेव्हा त्यात ना रस असायचा, ना कापूस, ना तारेचं वेटोळं. नुसतं रिकामं पितळी नळकांडं. ती डोळे मिटायची, गाल आत ओढायची, आणि वर्कशॉपमधले लेथ आपोआप थांबायचे. मी उभं आयुष्य केतोप्राकच्या, म्हणजे आमच्या जावाच्या लोकनाट्याच्या, रंगमंचावर काढलं. राजे केले, राजाविरुद्ध उठणारे सेनापती केले. पण तसली शांतता मला एकाही प्रवेशात मिळाली नाही.

"शिट्टी वाजतेय," डोळे न उघडता ती म्हणायची. "डावीकडच्या भोकाला आतून धार राहिलीय. घासून आण."

लेथवाला कुरकुरायचा, "यु, मला तर काही ऐकू येत नाही."

"तुला बायकोचंही ऐकू येत नाही. घासून आण."

तिचं पूर्ण नाव सार्मिनाह. यु म्हणजे ताई. मी तिच्याहून बराच मोठा, पण गल्लीने तिला यु केलं तेव्हा मीही केलं. मला ती कांग म्हणायची, म्हणजे दादा. कुदुसमध्ये आमची घरं समोरासमोर. आमच्या गावाच्या हवेलाच लवंगेचा वास आहे. इथे दर दोन घरांमागे एक बाई सिगारेट वळणारी. सार्मी पोरवयात कारखान्यात बसली. लाकडी साच्यावर तंबाखू नि लवंग पसरायची, कागद लावायचा, दांडा ओढायचा की सिगारेट बाहेर. शेजारी मार्सियेम कात्री घेऊन बसायची आणि दोन्ही टोकं कापायची. एक वळणारी, एक कापणारी, अशी त्यांची जोडी. घट्ट वळलं तर धूर येत नाही, सैल वळलं तर निखारा मांडीवर पडतो. मुकादम जुडी उचलायचा, दाबायचा, आवडली नाही तर सगळ्यांसमोर फोडून टाकायचा.

सार्मीने आयुष्यात सिगारेट ओढली नाही. कुदुसच्या बायका वळतात, ओढत नाहीत. पण किती हवा जायला हवी ते तिच्या बोटांत बसलं. पुढे यंत्रं आली, कारखान्याने वयस्क बायकांना हात जोडून घरी पाठवलं, आणि मार्सियेमही वारली. मार्सियेमचा मुलगा जात्मिको मोटारसायकलचे सुटे भाग बनवायचा. त्याने ॲटोमायझर बनवायला घेतली, म्हणजे व्हेपचं, विजेवरच्या सिगारेटचं, तार तापवून रसाची वाफ करणारं डोकं. तयार मिळतात ती नव्हेत, तर ज्यात माणूस स्वतः तार वळून बसवतो, कापूस ओवतो आणि वरून थेंब थेंब रस सोडतो. आईच्या जोडीदारणीला तो बूलिक म्हणायचा, म्हणजे मावशी. तो तिला म्हणाला, "बूलिक, नुसत्या तारा वळून द्या. तुमच्यासारखा हात कोणाचा नाही."

तारा वळता वळता ती हवा तपासू लागली. त्यावर गल्ली पेटली. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर ओढणी घेणारी बाई तोंडात नळी धरते? मशिदीच्या वाटेवर एकाने तिला अडवून विचारलं, "या वयात, बू? लाज नाही वाटत?" बू म्हणजे बाई.

"तीस वर्षं तुमच्या तोंडातला धूर मीच वळला," ती म्हणाली, "तेव्हा नाही विचारलंत कोणी."

दोन्ही छातीला वाईट, हे मला कोणी सांगायला नको. माझा अर्धा आवाज कशाने गेला ते मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी माझ्या ओट्यावरून टाळ्या वाजवल्या. चांगल्या प्रवेशाला टाळी द्यायची नाही, इतका कंजूष मी कधीच नव्हतो.

तिची तपासणी बघण्यासारखी असे. रिकामा झुरका झाला की सिगारेटच्या पातळ कागदाची चिंधी थुंकीने हवेच्या भोकाशेजारी चिकटवायची आणि पुन्हा ओढायचं. चिंधी आत झुकून स्थिर राहिली तर हवा सरळ जाते. फडफडली तर कुठेतरी अडखळते. मग आतल्या दोन खांबांमध्ये तार बसवायची. पोटाखालून हवा लागेल इतकीच उंच. डोक्यावरून गेली तर नुसती गार वाफ, चव नाही. तारेतून कापूस ओवायचा, त्याच्या शेपट्या खालच्या खळग्यात सोडायच्या. वर टोपी. टोपी ओठांना चटका देते का ते पाहायचं. शेवटी रस घातलेलं ॲटोमायझर भर दुपारी खिडकीत आडवं ठेवून द्यायचं. आमच्या उन्हात रस पाण्यासारखा पातळ होतो, आणि आमची माणसं चटईवर जेवायला बसली की व्हेप शेजारी आडवं टाकतात. ते पाझरलं तर चटई गेली.

जात्मिकोने खूप खटपट करून नवा नमुना केला. टोपीच्या दोन्ही बाजूंना बारीक तिरकी भोकं, आतून तारेच्या पोटाकडे चढत जाणारी. सार्मीने सगळं करून पाहिलं. फणसाच्या वासाचा रस घातला, ओढला, आणि डोळे मिटूनच राहिली.

"काय झालं, बूलिक? बिघडलं का काही?"

"गप्प बस. चव येतेय."

तेव्हा तो म्हणाला, "याला तुमचं नाव देतो. टोपीवर कोरतो, सार्मिनाह."

त्या संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर आली. "कांग, इतकी वर्षं वळलं. पाकिटावर मालकाचं नाव, जुडीवर माझा नंबर. माझं नाव कशावरच नव्हतं. हो म्हणू?"

"अगं, पोस्टरवर नाव यावं म्हणून मी सासुरवाडीच्या लग्नाला दांडी मारली होती," मी म्हणालो. "म्हण हो."

ती हो म्हणाली.

महिन्याभराने ती वर्कशॉपमध्ये गेली तेव्हा ट्रेमध्ये तयार टोप्या होत्या. नाव सुरेख कोरलेलं. पण भोकं? भोकं नव्हतीच. टोपीच्या दोन्ही बाजूंना अख्ख्या फटी कापलेल्या. मी कार्यक्रमाचं बोलणं करायला तिथेच आलो होतो. नवं ॲटोमायझर बाजारात आणण्याचा समारंभ होता, त्यात मला घोषणा करायच्या होत्या.

"हे काय, ले?" तिने विचारलं. पोराला हाक मारावी तसं ती त्याला ले म्हणायची.

"बूलिक, सेमारांग शहरातले दुकानदार म्हणाले, वाफेचा ढग मोठा हवा. तिकडे स्पर्धा असतात, कोणाचा ढग मोठा त्याच्या. बारीक भोकातून तेवढा ढग निघत नाही."

तिने तार बसवून ओढलं. खोली पांढरी झाली, लेथवाले हुर्रे म्हणाले. तिने खोकत वाफ हाताने बाजूला सारली.

"हवा तारेच्या डोक्यावरून पळतेय. फणस कुठे गेला?"

"फणस थोडा कमी होतो," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मलाही कळतं, बूलिक. पण लोकांना हेच हवंय. माझ्याकडे पाच माणसं कामाला आहेत."

"मग वीक ना. मी कुठे अडवतेय? आडवं ठेवलं की पाझरणार, तेही त्यांना चालत असेल. माझं नाव काढ."

"टोप्या कोरून झाल्यात."

"काढ."

जात्मिको हसला, मान झुकवली. "हो हो, बूलिक. बघतो."

आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. हो हो, बघतो म्हणायचं, हसायचं, आणि समोरच्याने समजून घ्यायचं की होणार नाही. त्यानेही तिच्याबद्दल हाच हिशोब धरला: चार लोकांत बूलिक काही बोलणार नाही. जन्मभर जावामध्ये राहिलेली बाई, कशाला बोलेल?

समारंभ वर्कशॉपच्या अंगणात, दुपारी. मधोमध पिवळ्या भाताचा शंकू, तुंपेंग, भोवती अंडी, तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, म्हशीच्या मटणाचा रस्सा. सेमारांगचे दुकानदार गळ्यात व्हेप अडकवून आलेले. मी जुनं जरीचं जाकीट घालून माईकसमोर उभा. आमची रीत अशी की यजमान शंकूचं टोक कापतो आणि ज्याचा मान सर्वात मोठा त्याच्या हातात देतो. त्याने ते दोन्ही हातांनी घ्यायचं, की कामाला आशीर्वाद मिळाला. ते कोणी परत केल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

जात्मिकोने टोक कापलं, केळीच्या पानावर ठेवलं आणि सार्मीपुढे वाकला. "ज्यांच्या नावाने हे ॲटोमायझर येतंय, त्या आमच्या बूलिक!"

टाळ्या पडल्या. सार्मीने पानाकडे पाहिलंच नाही. शेजारच्या ट्रेमधली एक टोपी उचलली आणि अंगठा फिरवला.

"नाव काढायचं ठरलं होतं."

"बूलिक, नंतर बोलू. आधी घ्या," तो हसतच पुटपुटला.

"नंतर नाही. हे मी घेत नाही."

जात्मिको माझ्याकडे वळून कुजबुजला, "म्बाह, काहीतरी बोला. सावरून घ्या. गाणं म्हणा!" म्बाह म्हणजे आजोबा; मला तो तसंच म्हणायचा.

सावरणं हा माझा धंदाच होता. पडदा अर्ध्यावर अडकलाय, राजाची मिशी गळून पडलीय, नायिका दारू पिऊन आलीय, सगळं मी सावरलंय. आत्ताही जमलं असतं. एक विनोद, दोन ओळी, आणि टोक तिच्या हातात. मी माईक ओठांजवळ धरला.

"मंडळी," उरलेल्या आवाजात मी म्हणालो, "मागच्यांना ऐकू आलं नसेल. यु सार्मिनाह म्हणतायत की हे त्यांचं नाही, आणि त्या ते घेत नाहीत."

जात्मिकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या बापाची सायकल विकली होती. सार्मीने त्याच्या हातातलं पान हलकेच घेतलं आणि पुन्हा शंकूच्या बाजूला ठेवलं. मग टोप्यांचा ट्रे उचलला, सावलीत लेथजवळच्या स्टुलावर गेली, खणातून कानस काढली आणि पहिलं नाव घासायला बसली.

लोकांना काय करावं कळेना. यजमान जेवा म्हणत नाही, बाई घासतेय. शेवटी मीच म्हणालो, "भात गार होतोय, बसा!" आणि सगळे सुटले. जेवणाच्या गलबल्यात कानशीचा खर्र खर्र आवाज चालू राहिला. सेमारांगचा एक जाडा दुकानदार ताट घेऊन तिच्याजवळ गेला. त्याने त्या ढगाच्या स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवली होती.

"बू, इतकं वाईट आहे का हे?" त्याने विचारलं. "मला तर आवडलं. ढग झकास आहे."

"वाईट कोण म्हणतंय?" ती म्हणाली. "ढग हवा असेल तर घ्या. पण हे ओढून कोणी म्हणेल, सार्मिनाहने हे पसंत केलं. मी केलेलं नाही. ताट सरळ धरा, रस्सा सांडतोय."

"मग घेऊ की नको?"

"तुमचं तोंड, तुम्ही ठरवा."

त्याने हसून जात्मिकोला हाक मारली, "मास, भाऊ, मला वीस द्या. नाव नसलेली!"

जात्मिको बराच वेळ शंकूपाशी उभा होता. राग होता, लाज होती, आणि बहुतेक भूकही. मग त्याने दुसरी कानस घेतली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. दोघं घासत राहिली. मी त्यांच्यासाठी ताटं वाढून नेली. दोघांनीही हात लावला नाही.

"तुम्ही मला लोकांसमोर उघडं पाडलंत, बूलिक," मान खाली घालून तो म्हणाला.

"तू मला टोपीवर कोरलंस. खिडकीत ठेवलं की पाझरणाऱ्या टोपीवर."

त्याने घासलेली टोपी पुढे केली. तिने अंगठा फिरवला आणि परत त्याच्या हातात दिली.

"शेवटचं अक्षर अजून लागतंय. घास."