होडीची आंघोळ

परवा दिवेलागणीला लेकीचा व्हिडीओ कॉल आला. इकडं शिमगा तोंडावर आलेला, लिंबाची पानं अंगणभर गळलेली, पदरानं वारं घ्यावं असा उकाडा. आणि तिच्या खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ. तिकडं तेव्हा सकाळ असते. "आई, गंमत बघ," म्हणत तिनं फोन खिडकीला लावला. पांढऱ्या अंगणात पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं उभं होतं, बाळंतिणीसारखं कान-डोकं बांधून, आणि त्याच्या कुशीला एक छोटंसं दार. दारातून वाफ येत होती. ती वाफ म्हणजे आमच्या जावयांचा चहा. तिकडं तळं गोठायला लागलं की होड्या बाहेर काढून घरी आणतात आणि अशा बांधून ठेवतात, त्या थेट बर्फ वितळेपर्यंत. आमच्या जावयांनी मागंच अशी एक होडी घेतली. लेक सांगत होती, सुट्टीचा दिवस उजाडला की हा माणूस कानटोपी घालून, थर्मास घेऊन त्या प्लास्टिकात शिरतो आणि होडीत खुर्ची टाकून बसतो. कुठलीशी पितळी कडी पुसतो, तळ्याचा नकाशा उलगडून बघतो, पुसलेलीच कडी परत पुसतो. शेजारच्या एका म्हाताऱ्या गोऱ्याचीही होडी अशीच बांधलेली असते. तोही येतो, आणि दोघं जण न बोलता समोर बघत बसतात. समोर काय, तर प्लास्टिक.

"कुठं चाललात म्हणून विचारलं, तर म्हणतात, कुठंच न्हाई," लेक म्हणाली. "आई, हे खूळ कधी सुटतं गं?"

मला हसू आवरेना. कारण हे खूळ त्यांना तिकडच्या थंडीत लागलेलं नाही. ते आमच्या अंगणात, भर उन्हाळ्यात लागलं, आणि ते लावलं आमच्या ह्यांनी. म्हणजे तुमच्याआमच्यातच सांगते, थोडं मी पण.

धरण झालं तेव्हा आमची निम्मी जमीन पाण्याखाली गेली आणि उरलेली पाण्यापलीकडं राहिली. वळसा घालून जायचं तर निम्मा दिवस मोडायचा. म्हणून ह्यांनी एक जुनी लाकडी होडी घेतली. घरात सात पिढ्यांत कुणी होडी वल्हवलेली नव्हती. आमचं सगळं बैलाच्या शेपटीमागं चालणारं. आषाढात पाणी चढायचं, ते माघापर्यंत होडी चालायची. तेवढे महिने आमचे हे घरात कावलेले असायचे. वारा उलटा लागला, वल्हं चिरलं, खताची पोती भिजली, रोज एक गाऱ्हाणं. मग पाणी मागं सरकायचं, चिखल उघडा पडायचा, पलीकडं पायी जाता यायचं. तेव्हा आठ माणसं लावून, बैलगाडीवर घालून होडी घरी यायची आणि अंगणात लिंबाखाली चार दगडांवर बसायची. त्या दिवसापासून ह्यांचा चेहरा खुलायचा. ज्या माणसाला होडी आठ महिने राबवून घेते, त्याला ती चार महिने नुसती जवळ बसायला मिळाली की काय वाटतं, ते मला तेव्हा कळायचं नाही. हे सकाळी पेपर घेऊन होडीत बसायचे. तोंड नेहमी पुढच्या टोकाकडं. पुढं होती आमची म्हैस. एकदा मी म्हटलं, निदान रस्त्याकडं तोंड करून बसा, येणारं-जाणारं दिसेल. तर म्हणाले, "मागं तोंड करून कोण बसतं का होडीत?"

पण लाकडाच्या होडीची एक खोड असते. ती कोरडी पडली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि मग कापूस-डांबर कितीही भरा, ती पाण्यात गेल्यावर चाळणीसारखी गळते. मोठ्या पाण्यावरची माणसं म्हणे रिकाम्या दिवसांत होडी पाण्यातच बुडवून ठेवतात. आमच्याकडं बुडवायला पाणी राहिलं असतं तर होडी घरी कशाला आणली असती? तेव्हा तिला रोज पाणी घालायचं. आणि ते कधी, तर जेव्हा गावात टँकर चौथ्या दिवशी येतो आणि बायका एकमेकींच्या घागरीकडं डोळ्यात तेल घालून बघतात. शेजारीण रांगेत मला ऐकवायची, "वहिनी, तुमच्या घरी माणसं पाच अन् आंघोळी सहा."

मग ह्यांनी युक्त्या काढल्या. तांदूळ धुतलेलं पाणी होडीत. डाळीचं होडीत. पाहुण्याला हात धुवायला उठवायचं, आणि तांब्या घेऊन त्याला होडीपाशी न्यायचं. नवखा माणूस बिचकायचा, आपण कशात हात धुतोय ते त्याला कळायचं नाही. पुढं पुढं तर न्हाणीतला दगड उचलून ह्यांनी होडीत नेला आणि घरातल्या सगळ्या बाप्यांच्या आंघोळी तिथंच सुरू झाल्या. आम्हा बायकांचं पाणी बादलीनं जायचं. म्हशीला वाटायचं, ही आपली नवी गव्हाण आहे. ती मान लांब करून साबणाचं पाणी प्यायची आणि हे तिला शिव्या द्यायचे, तिच्या पोटाच्या काळजीनं नाही, पाणी कमी होतं म्हणून.

अशात लेकीचं लग्न झालं आणि पुढच्याच उन्हाळ्यात अधिक महिना आला. जावयाचा पहिला धोंडा. मुलीच्या आईला ह्याची काय धास्ती असते ते काय सांगू. जावई नांदूरघाटचे, शिकलेले, कमी बोलणारे. लग्नात ते हसलेले मी पाहिले नव्हते. त्यांच्या घरी माझ्या लेकीला काय ऐकून घ्यावं लागेल ते त्या एका दिवसावर होतं. पुरणाचे धोंडे, कापडं, सगळं जमलं होतं. प्रश्न तेल लावून घालायच्या आंघोळीचा होता. दोन टँकरमधून वाचवून मी एक पिंप भरून ठेवलं, वर फडकं बांधलं, आणि घरात सांगून टाकलं की त्याला जो हात लावील त्याच्याशी माझं बोलणं बंद.

त्या दिवशी सकाळी फडकं सुटलेलं. पिंप निम्मं. आणि हे होडीच्या पोटाशी ओणवे होऊन एका सांध्यावरून बोट फिरवत होते. पहाटे उठून बघितलं तर सांधा उघडलेला, म्हणाले. दाराशी रिक्षा वाजायची वेळ झालेली. मी रडायच्या बेतात. म्हटलं, "अहो, जावयाला आता काय तुमच्या डांबरानं घालू का आंघोळ?"

हे मागं न बघताच म्हणाले, "होडीत घालू. पाणी एकच, कामं दोन."

तेवढ्यात जावई फाटकात उभे. त्यांनी ऐकलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. माझी लेक त्यांच्या मागं, पदर तोंडात कोंबलेला. आता जे व्हायचं ते झालंच होतं. मी होडीभोवती रांगोळी काढली, आत पाट मांडला, आणि आमचे जावई पंचा गुंडाळून, लग्नाला उभे राहिले होते तसेच गंभीर, होडीत चढले. मी तेल लावायला लागले तर हे माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "जरा हात सैल सोड. तेल लाकडाला बी चांगलं."

मग ओवाळणं. होडी दगडांवर उंच, मी टाचा उचललेल्या, ताट वर धरलेलं. कुंकू लागावं म्हणून जावई बिचारे माझ्याकडं वाकले, आणि एक दगड सरकला. होडी डुलली. जावयांनी दोन्ही कडा घट्ट धरल्या, डोळे मोठे केले, आणि आमचे हे, जन्मात कधी ओरडले नसतील असे ओरडले, "मधी बसा, पाव्हणं! कडंला सरकू नका!" जणू खाली पुरुषभर पाणी होतं. खाली काय, तर कोंबड्या.

मग जावई सावकाश पाटावर मधोमध बसले आणि म्हणाले, "मामा, वल्हं हाय का?"

आणि हसले. नवऱ्याला असं हसताना बघून माझ्या लेकीच्या तोंडातला पदर सुटला. पुढं काय झालं म्हणाल तर धोंडे गार झाले. दोघं मामा-जावई दुपारपर्यंत होडीत बसून सांधे बघत होते, आणि दोघांचीही तोंडं म्हशीकडं. आठ दिवसांनी विहीणबाईंचा फोन आला, तो मी पदर सावरून घेतला. त्या म्हणाल्या, "आमचं पोरगं आल्यापास्नं होडीशिवाय बोलत न्हाई. पुढच्या खेपेला आमाला बी बसवा." त्या वर्षी होडी पाण्यात घातली तेव्हा थेंबभर गळली नाही. हे म्हणायचे, जावयाचं तेल लागलं तिला. आणि दुसऱ्या दिवसापासून वाऱ्याच्या नावानं परत कावायला लागले.

आता पाण्यावर पूल झाला. पोरं मोटारसायकलवर पाच मिनिटांत पलीकडं जातात. हे गेले त्यालाही तीन वर्षं होतील. ते गेल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी होडीला पाणी घातलं नाही. सुटलो एकदाचे, म्हटलं. आता ती कुठं जाणार आहे? वैशाखात तिच्या सांध्यांतून ऊन खाली उतरायला लागलं. जमिनीवर पट्टे पडायचे आणि कोंबड्या त्यांत बसायच्या. असाच एकदा कॉल आला. जावयांनी माझे गुडघे विचारायच्या आधी विचारलं, "मामी, होडी ओली हाय ना?"

"हाय की," म्हटलं मी. खोटं बोलले. जावयाशी.

फोन ठेवला, आणि तांदळाचं पाणी नेऊन ओतलं. सगळं खाली गेलं. दुसऱ्या दिवशीही गेलं. आठवडाभर ओतत होते, मनातल्या मनात ह्यांना बोलत होते. मग एका सकाळी पाणी आत थांबलेलं दिसलं, चांगलं बोटभर, आणि म्हैस मान लांब करून ते पीत होती. मी तिला हाकललं. नंतर कळलं, हाकलताना शिवीही ह्यांचीच दिली.

तर लेकीनं परवा विचारलं, हे कधी सुटतं. मी तिला म्हटलं, चहात आलं घालत जा, थंडी आहे. तिनं फोन जवळ घेतला, डोळे बारीक करून माझ्या मागं बघितलं. माझ्या मागं एक आडवी फळी होती, तिच्यामागं डांबराचा काळा सांधा. पायाखाली ओलं पोतं होतं, ते तिला दिसत नव्हतं. आणि समोर म्हैस होती, तीही दिसत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "तू कुठं बसलीयस?"

"कुठंच न्हाई," म्हटलं मी.