गोळीची चिंधी

दोह्याच्या अल मुंतझा भागातल्या कापड दुकानात मी पर्समधून मायक्रोमीटर काढला की दुकानदार हातातलं काम सोडून बघत राहतो. बाकीच्या बायका कापड चोळून बघतात, उजेडात धरतात. मी जाडी मोजते. पहिल्यांदा त्याने विचारलं होतं, "मॅडम, क्या सिलवाना है?" पिस्तुलासाठी हवंय असं दोह्यात कोण सांगणार? म्हटलं, "लॅब के लिए." ते अगदीच खोटं नव्हतं. मी इथल्या एका कंपनीत मोजमापाची उपकरणं तपासते, एकटी राहते, आणि मोजायला काही नसलं की माझं डोकं फिरतं.

कापड जायचं कोल्हापूरला, बाबांच्या ठासणीच्या पिस्तुलासाठी. बाबांनी आयुष्यभर लेथवर काम केलं आणि निवृत्त झाल्यावर निशाणबाजीचा हा नाद लावून घेतला. दर रविवारी गावाबाहेरच्या रेंजवर जायचं, नळीत तोंडाकडून दारू ओतायची, वर तेल लावलेली कापडाची चिंधी, चिंधीवर शिशाची गोळी, ती अंगठ्याने दाबून आत घालायची आणि गजाने खाली ठासायची. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. उरलेली फट चिंधीने भरायची. चिंधी पातळ पडली तर जळते आणि गोळी भरकटते; जाड झाली तर गोळी आत घालताना नाकी नऊ येतात. आई त्या चिंधीला गोळीचा लंगोट म्हणायची.

आई होती तोवर फोन तिच्याच हातात असायचा. जेवलीस का, काय केलंस, एसी फार लावू नकोस. बाबा मागे खाकरायचे, तेवढाच त्यांचा आवाज. ती गेल्यावर फोन बाबांच्या हातात आला आणि आम्हा दोघांची पंचाईत झाली. "बरं आहे?" "बरं आहे." संपलं. मग एका रविवारी, काहीतरी बोलायचं म्हणून, ते म्हणाले, "गोळी कुठली घ्यावी कळंना झालंय गं," आणि मी खुर्चीत सरसावून बसले. त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो.

मग दर आठवड्याला तेच. रविवार म्हणजे त्यांची रेंज आणि माझ्या कामाच्या आठवड्याचा पहिला दिवस. सकाळी त्यांच्याकडून उडालेल्या चिंध्यांचे फोटो यायचे आणि जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला सारून फोन लावायचे. चिंधी गोळीबरोबरच बाहेर पडते आणि चार पावलांवर जमिनीवर सापडते. ती कुठे जळली, कुठे कातरली, यावरून माप बरोबर की चूक ते कळतं. बाबांकडे गोळ्या ओतायचे दोन साचे होते. मी मोठा साचा ठरवून दिला आणि कापड पाव मिलिमीटरवरून हळूहळू वर चढवत नेलं. सुट्टीवर निघालेल्या कुणा ना कुणा सहकाऱ्याच्या बॅगेत माझं पाकीट असायचंच. सगळं कापड पांढरं, धुऊन खळ काढलेलं. दुकानदार मधूनच निळ्या पट्ट्यांचं गादीचं कापड पुढे करायचा, पण रंगीत धाग्यापाशी जाडी बदलते म्हणून मी त्याला कधी हात लावला नाही.

"जरा पातळ बघ की," बाबा म्हणायचे. "लई घट्ट जातीया."

"घट्टच पाहिजे, बाबा. नेम बघा किती सुधारलाय."

"ते खरं हाय."

दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मी चिडलेच. "जन्मभर लेथवर उभे राहिलात आणि आता केसभर सूट मागता?" त्यानंतर त्यांनी पातळ कापडाचं नाव काढलं नाही. फोटो मात्र देखणे यायला लागले. चिंध्या गोल, कडा शाबूत, नळीच्या आतल्या पिळदार आट्यांचे ठसे स्वच्छ. मी जिंकले होते, आणि ते सांगायला या गावात मला एक माणूस नव्हता. शेजारच्या टेबलावरच्याला एकदा फोटो दाखवला तर तो म्हणाला, "जला हुआ कपडा है, मॅडम." खलास.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी असाच एक फोटो मोठा करून बघत होते. काजळीतून, चिंधीच्या कडेला, एक निळी रेघ दिसत होती. आधी शाई वाटली. मग मागचे फोटो उघडले. चार महिन्यांच्या प्रत्येक फोटोत निळी रेघ होती. मी जळकं बघत बसले, कातरलेलं बघत बसले, आणि कापडच माझं नाही हे मला दिसलं नव्हतं. आधी राग आला. मग भीती वाटली, कारण विचारलं तर चिंधीचा विषय संपणार होता आणि त्याशिवाय आमच्याकडे बोलायला काही नव्हतं. तरी जेवणाच्या सुट्टीत फोन लावला.

"बाबा, ही चिंधी कुणाची?"



"रेंजवर शेजारी एक पैलवान गडी नेम धरतोय. त्याच्या पडलेल्या उचलतो."

"आणि माझ्या?"

"डब्यात हाईत की सगळ्या. नीट ठेवल्यात." मग म्हणाले, "अंगठा चालत न्हाई गं आता. गोळी आत जाईना. चार म्हैने झालं, पिस्तूल भरलंच न्हाई."

"मग सांगायचं ना मला!"

"सांगून काय? तू फोटो बघून फोन करतीस."

मला रडू फुटलं. ऑफिसात, भर दुपारी. आवाज सांभाळत मी भराभर आकडे सांगायला लागले. मलमल पाठवते, लहान साचा घ्या, सहज जाईल, नेम थोडा बिघडेल पण बिघडू दे.

"ऱ्हाऊ दे ते गोळीचं," बाबा म्हणाले. खाकरले. मग परक्या भाषेतलं वाक्य म्हणावं तसं, अडखळत, त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

डबा समोर बंदच होता. दर रविवारी तो तसाच घरी परत जायचा.

"नाही," मी म्हणाले.

"मग जेव. मी हाय फोनवर."

मी झाकण काढलं. मी जेवत होते तोवर ते काही बोलले नाहीत, आणि फोनही ठेवला नाही.