अप्पांनी लिहिलेलं अकरावं कलम

मन्मथअप्पा वकील गेल्याचं मला चार तास उशिरा कळलं. आमच्या क्लासमध्ये शिकवणाऱ्यांचे मोबाईल सकाळी काउंटरवर जमा होतात, ते जेवणाच्या सुट्टीत परत मिळतात. त्या दिवशी लागोपाठ तीन बॅचना पेशीविभाजन शिकवून खाली आले, फोन हातात घेतला, तर अप्पांच्या मुलीचा मेसेज... "बाबा सकाळी गेले. चार वाजता समाधी." तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले. सर म्हणजे क्लासचे मालक. दोन तासांची सुट्टी मागितली. ते म्हणाले, "कोण लागत होते तुमचे?" करारात लिहिलंय, परीक्षेच्या दिवसांत फक्त रक्ताच्या नात्यातलं कुणी गेलं तरच सुट्टी. वकील त्यात बसत नाही. चार वाजता मी चौथ्या बॅचपुढे उभी होते आणि तिकडे, चालत वीस मिनिटांवर, अप्पांना माती देत होते. दीड महिना झाला, माझा राग अजून निवलेला नाही. खरं सांगायचं तर तो एकट्या सरांवर नाही.

मी मूळची हदगावची. सासर नांदेडचं. नवरा आणि पाच वर्षांची लेक नांदेडला, आणि मी लातूरला एका खोलीत, कारण जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईला बरी नोकरी इथंच मिळाली. रविवारी टेस्ट नसली की पहाटेची एसटी पकडायची, लेकीला न्हाऊ-माखू घालायचं आणि संध्याकाळी परत फिरायचं. या जगण्याला मी सही केली ती दसऱ्याच्या दिवशी. आमच्या क्लासमध्ये नव्या शिक्षकांनी त्या दिवशी आपल्या मूळ गुणपत्रिका आणि पदव्या सरस्वतीच्या फोटोपुढे पूजेला ठेवायच्या, अशी पद्धत आहे. सरांच्या पत्नीनं त्यांवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, पेढा हातात आला आणि त्याच हातात पेन. कराराचं शेवटचं पान तेवढं उघडून ठेवलेलं. पूजेत बसून कागद कोण वाचतं? वाचायला मागितला असता तर सगळ्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं असतं, ते मला आजही दिसतं. आरती झाली आणि गुणपत्रिका फोटोपुढून उचलून सरळ सरांच्या कपाटात गेल्या. एम.एस्सी. झालेली बाई मी, आणि इतकी बावळट.

दोन वर्षांनी नांदेडच्या एका क्लासनं मला बोलावलं. घरापासून दहा मिनिटांवर. तेव्हा कुठं मी करार मागून घेतला आणि एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून अप्पांकडे गेले. जुन्या कोर्टामागच्या गल्लीत, औषधाच्या दुकानावर त्यांची खोली. कपाळाला विभूती, अंगात बिनइस्त्रीचा पांढरा शर्ट, सत्तरी उलटलेली. दुपारी तीन ते चार ते फक्त नोकरीचे करार बघायचे आणि त्याची फी घ्यायचे नाहीत. स्वतः मात्र वाचायचे नाहीत. "वाचा बाई, मोठ्यानं," म्हणाले. मी वाचू लागले. दर कलमाला थांबवायचे. "काय कळलं? तुमच्या बोलीत सांगा." मला वैताग आला. वकिलाकडे आपण जातो ते त्यांनी वाचावं म्हणून ना? पण तसं सांगता सांगताच मला पहिल्यांदा उमगलं की मी कशाकशाला हो म्हणून बसले आहे. पाच वर्षं सोडायचं नाही. सोडलं तर भरपाई. भरपाई होईपर्यंत कागद कपाटात.

दहावं कलम संपलं. मी पान उलटत होते तोवर अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणून गेले, "सेवा संपल्यानंतर तीन वर्षे लातूर व नांदेड जिल्ह्यांच्या हद्दीत कोणत्याही स्वरूपाचे अध्यापन करणार नाही." शब्दाला शब्द. मी कागद बघितला, मग त्यांना.

"तुम्हाला पाठ कसं?"

अप्पांनी खिडकीकडची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "मीच लिवलेलं हाय ते. लई वर्षं झाली. एका क्लासवाल्याचा भागीदार भांडून नांदेडला गेला, त्याला अडवायला लिवलं. त्याच्याकडून दुसऱ्यानं नेलं, तिसऱ्यानं नेलं... आता नावं बदलत्यात, कलम तेच ऱ्हातंय." आणि थोड्या वेळानं, "नोकरी सोडल्यावरची ही बंदी कोर्टात टिकत नसतीय बाई. तवाबी माहीत होतं मला. पण निकाल लागेस्तोवर माणूस कुठं टिकतंय?"

कुणा दोघांच्या भांडणासाठी लिहिलेल्या ओळीनं माझी लेक माझ्यापासून तोडली होती आणि ती ओळ लिहिणारा समोर बसून मला चहा विचारत होता. मी चहा घेतला नाही. कागद पिशवीत कोंबले आणि जिना उतरले. महिनाभर फिरकले नाही. सहकाऱ्यांना सांगत सुटले की म्हातारा आता पुण्य जोडायला बसलाय. मग परत गेले, कारण दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी मागचं काही काढलं नाही. "या," म्हणाले, "बारावं राहिलंय."

एका दुपारी ते माझ्याबरोबर सरांच्या केबिनमध्ये आले. धोतराचा सोगा सावरत बसले आणि ऊन, पाणी, पाव्हणेरावळे असं अर्धा तास बोलत राहिले. मी आतून जळत होते. मग हळूच विषय काढला. सर हसले. "अप्पा, तुमचंच कलम हाय की."

"माझंच हाय, म्हणून तर सांगायलोय. फाडायचा पहिला मान मला द्या."

आणि सर चक्क वाकले. ही परीक्षा होईपर्यंत मी शिकवायचं, मग मोकळी. नांदेडची अट रद्द. कागद परत. सोमवारी अप्पा दोन प्रती टाईप करून आणणार आणि सह्या होणार, असं ठरलं. जिन्यात अप्पा म्हणाले, "लेकीला सांगू नका इतक्यात. सही होऊ द्या." मी त्याच संध्याकाळी सांगितलं.

शनिवारी अप्पा गेले.

पुढच्या आठवड्यात मी सरांकडे विषय काढला. ते शांतपणे म्हणाले, "ते माझं आन् अप्पांचं बोलणं होतं. त्यांच्या शब्दाला मान दिला मी. आता कुणाच्या शब्दावर करायचं, मॅडम? बघू... निकाल लागू द्या." मी भांडले नाही. कपाट त्यांच्या पाठीमागेच होतं.

मागच्या मंगळवारी शिरूर अनंतपाळची एक मुलगी नव्यानं रुजू झाली. नुकतीच शिकून बाहेर पडलेली, केसांना तेल, नवी पर्स. सरांनी मला बोलावलं. तिच्या करारावर साक्षीदार म्हणून सही हवी होती. "तुमच्यासारख्या जुन्या माणसाची बरी," म्हणाले. मला सगळं कळत होतं. माझा विषय अजून 'बघू'मध्ये होता, नाही म्हटलं असतं तर तोही मिटला असता. मी सही केली. नेहमीसारखी आली. मुलीला कसंबसं म्हटलं, "एकदा वाचून तरी बघ." ती हसली.

"तुमी सही केलाव की मॅडम. मग वाचायचं काय?"

अप्पा, मी तुम्हाला काय काय बोलले. ती ओळ लिहिताना तुमचंही काहीतरी कुणाच्या कपाटात अडकलेलं असेल, हे तेव्हा सुचलं नाही. तुम्हाला माफ केलंय असं म्हणवत नाही. पण तीन ते चार ती खोली रोज का उघडायचात, ते आता कळतं.

खोलीला सध्या कुलूप आहे. औषधवाल्याला विचारून जिन्याच्या पायऱ्यांवर बसायची परवानगी काढली आहे. शिरूरच्या मुलीला तिच्या कराराची प्रत घेऊन रविवारी यायला सांगितलंय. आम्हा दोघींना मोकळा वार तेवढाच.

लेकीला फोन करून सांगितलं, या रविवारी येत नाही.  ती म्हणाली, "सरांनी सोडलं नाही का गं?"

"सोडलंय," मी म्हटलं. "या वेळी माझी मीच थांबले."