बिब्ब्याचा डाग

"बिब्बा मीनंच लावलता न वं बाई... ह्याच हातानं."

चहाच्या रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात पोचले होते, तिथेच थांबले. आत मोठी आई शेजारच्या शांताबाईंशी हळू आवाजात बोलत होती. बाहेरच्या खोलीत मोठ्या बाबांच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं फोटोसमोर बसली होती. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठी आई त्यांची बायको. त्यांना जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. शांताबाई म्हणाल्या, "जाऊ दे वं, आता कायले मनाले लावून घेतं?" म्हणजे बिब्ब्यानंच झालं, हे त्यांनाही मान्य होतं. यावर काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. दीड वर्षापासून ठाऊक होतं. तरी मी ट्रे घेऊन तशीच मागे फिरले.

मोठे बाबा दारव्ह्याच्या बाजार समितीत गेटवर होते. कापसाच्या, सोयाबीनच्या गाड्या अडवायच्या, पास बघायचा, आत सोडायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या दाराशी स्टूल टाकलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, "कोण हाय? कोठून आले?" सख्ख्या बहिणीलाही सोडायचे नाहीत. "तुह्याच घरी आली, पास देतं का आता?" असं आत्या म्हणायची आणि ते ऐटीत हात हलवून तिला आत सोडायचे. मी यवतमाळला इंग्रजी शाळेत शिकले, घरी कमी बोलायचे. त्यांच्या लेखी मी 'मॅडम'. "आमची मॅडम सगळं बोलते, पण मनातल्या मनात," असं ते चारचौघांत सांगायचे. मला राग यायचा. खरं होतं म्हणूनच यायचा.

एका हिवाळ्यात त्यांच्या उजव्या टाचेखाली काहीतरी टोचायला लागलं. आमच्याकडे पायात काटा रुतला की बिब्बा लावतात. दाभणाला बिब्बा टोचून आचेवर धरायचा आणि सुटलेलं तेल त्या जागी टेकवायचं. मोठ्या आईनं आधी सुईनं कोरून पाहिलं, काटा काही निघाला नाही. मग तिनं बिब्बा लावला. बिब्ब्याचा डाग काळा पडतो आणि बरेच दिवस जात नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. त्यामुळे टाचेवरचा काळा डाग महिनोन्‌महिने राहिला, वाढला, तरी कुणाला काही वाटलं नाही. स्टुलावर पाय वर घेऊन बसलेल्या मोठ्या बाबांची टाच मीही कितीदा पाहिली होती. मलाही तो बिब्बाच वाटला.

जांघेत गाठ आली तेव्हा नागपूर गाठलं. डॉक्टर बाई निम्मं इंग्रजीत, निम्मं हिंदीत बोलायच्या, म्हणून दुभाषी म्हणून मला आत नेलं. मोठी आई बाहेर बाकावर बसली होती. त्वचेचा कॅन्सर, बाई म्हणाल्या. मोठ्या बाबांनी एकच विचारलं, "माह्या अंगात रोगाशी लढाची ताकद नव्हती का?" ताकद होती, बाई म्हणाल्या. शरीरात पहारा देणाऱ्या पेशी असतात, त्या भेटेल त्या पेशीला तपासतात. आपली पेशी 'मी घरचीच' अशी खूण दाखवते, मग पहारेकरी हात आवरतो. कॅन्सरची पेशीही आपल्यातूनच बिघडलेली असते. तिला ती खूण दाखवायची युक्ती सापडते, आणि पहारेकरी समोर उभा असून तिला हात लावत नाही. मी हे जमेल तसं मराठीत सांगितलं.

"म्हंजे गेटवरचा माणूस झोपला नव्हता," मोठे बाबा म्हणाले. "पास पाहून सोडलं त्यानं." त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला, की आजार सांगितलाय की बरं झालात म्हणून सांगितलंय, असं कुणाला वाटावं.

मग त्यांनी मला बिब्ब्याचं विचारायला लावलं. बाई म्हणाल्या, बिब्ब्यानं हा कॅन्सर होत नाही. तळपायावर तो आपणहून येतो. काटा निघालाच नाही ना? मग तेव्हा टोचत होतं ते बहुतेक हेच.

बाहेर पडताना मोठे बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "हे तुह्या मोठ्या आईले सांगजो. माह्यं खरं वाटणार नाही तिले." मी हो म्हणाले. पण घरात बिब्ब्याचं नाव कुणी काढेना, मग मी कशाला काढू? तिच्या मनात ते नसेलच, अशी मी माझी समजूत घातली.

दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध सुरू झालं. ते कॅन्सरला मारत नाही, त्या खुणेवर झाकण घालतं, म्हणजे पहारेकरी पुन्हा कामाला लागतात. गाठ बसली. जवळजवळ वर्षभर मोठे बाबा स्टुलावर होते, जेवत होते, लोकांना अडवत होते. मग गाठ परत आली. काही पेशी ओळख पटेल असं काही बाहेर ठेवतच नाहीत, बाई म्हणाल्या. "आता गेटवर येतच नाही," मोठे बाबा म्हणाले, "भिंतीवरून उडी मारून राह्यला." ते घरीच गेले, दुपारी, फारसा त्रास न होता. तेवढंच आम्हाला बरं वाटलं.

हे लिहितेय तेव्हा ते स्टूल दाराशीच आहे. आता त्यावर मोठी आई बसते आणि मी घरी गेले की विचारते, "कोण हाय?" ती पोटभर जेवते, दुपारी झोपते. मलाही झोप लागते. पुण्यानुमोदनाच्या त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी ते स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेलं होतं आणि तिच्यासमोर बसले होते. इतकं सलग मी घरात कधी बोलले नव्हते, म्हणून शब्दन्‌शब्द आठवतो.

"मोठी आई, बिब्ब्यानं काही झालं नाही. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, आणि मोठ्या बाबांनी ते तुला सांगायला मला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही, चुकलं माझं. तू बिब्बा लावलास तेव्हा तो रोग आधीच आत येऊन बसला होता. उशीर झाला, ते खरं... पण तो डाग मीही कितीदा पाहिला होता. घरचाच समजून मीही त्याला सोडलं."